दिपमालाने तपासणीचा वेग वाढवला

धुळ्याच्या देवपुरातली दिपमाला जळगावला सुरेशचंद शेठजींच्या चटई कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. डिप्लोमा झालेली, बोलायला अगदी कमी. मागावरून उतरलेली प्लास्टिकची चटई कॅमेऱ्याखालून सरके आणि कुठे धागा तुटला, भोक राहिलं, की कॉम्प्युटर घंटी वाजवे. पण एकेक फोटो तपासायला त्याला इतका वेळ लागे, की चटई सरकवणारा पट्टा हळू चालवावा लागे आणि न तपासलेल्या चटयांचा ढीग दारापर्यंत येई.

"नवं मशीनच मागवू," शेठजींचा मुलगा रोनक म्हणाला.

"दोन आठवडे द्या, रोनकभाऊ." आपण हे कुठल्या जोरावर बोललो, हे दिपमालाचं तिलाच कळेना.

एक गोष्ट मात्र तिने पाहून ठेवली होती. प्रोसेसरात आठ कोअर होते, म्हणजे एकाच वेळी राबू शकणारे आठ जण. पण प्रोग्राम सगळं काम एकाच्याच गळ्यात घालत होता. बाकीचे सात नुसते बसून. प्रोग्राम कारखान्यानेच लिहून घेतलेला, त्यामुळे त्यात हात घालता येत होता. तिने प्रत्येक फोटोचे आठ उभे पट्टे पाडले आणि एकेका कोअरला एकेक दिला. दोनदा सगळं मधेच अडकलं, कारण सापडलेले दोष लिहायला आठही जण एकाच यादीवर तुटून पडत. मग तिने प्रत्येकाला वेगळी यादी दिली. दहाव्या दिवशी तपासणी सहापट वेगाने झाली. रोनकने पेढे मागवले.

पेढे वाटून होतात तोच सुनंदाबाई एक चटई घेऊन आल्या. वीस वर्षं त्यांनी नुसत्या डोळ्यांनी चटया तपासल्या होत्या. एका जागी बोट ठेवून अहिराणीत म्हणाल्या, "माय, आठे भोक शे. तुना कॅमेराले दिसनं नही का?"

दिपमालाने त्या चटईचा फोटो उघडला. भोक नेमकं दोन पट्ट्यांच्या सीमेवर होतं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. दोन्ही कोअरनी ते किरकोळ समजून सोडलं होतं.

तिने शेजारचे पट्टे बोटभर एकमेकांवर चढवले आणि दोनदा सापडलेला दोष एकदाच मोजायला लावला. वेग सहापटीवरून पाचपटीवर आला, पण सुनंदाबाईंनी मुद्दाम भोकं पाडलेल्या चाळीस चटयांपैकी एकही सुटली नाही.

पुढच्या महिन्यात इंदूरचे एक व्यापारी कारखाना बघायला आले. पट्टा सुसाट धावत होता.

"आमच्या टीमने केलंय," रोनक म्हणाला.

एरवी दिपमालाने मान खाली घातली असती.

"मी केलंय, साहेब," ती म्हणाली. "आणि त्यातली चूक या सुनंदाबाईंनी पकडली."

शेजारीच उभे असलेले शेठजी मोठ्याने हसले. "ऐकलंत ना? आता काय विचारायचं ते या दोघींनाच विचारा."

दिपमालाने सुनंदाबाईंसाठी खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.