बुरुजावरचं क्रियापद

अमरावतीच्या शाळेत वामनराव इंग्रजी शिकवत. माणूस सज्जन, पण विद्येची खाज भारी. एका पाद्र्याकडून थोडं लॅटिन शिकले होते आणि ते पोटात राहीना. साल १८६४. अमेरिकेत लढाई जुंपलेली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव, आणि बड्या व्यापाऱ्यांच्या तोंडी एकच इंग्रजी क्रियापद : स्पेक्युलेट. लोक त्याला सट्टा म्हणत. मास्तर चिडत.

"मूळ लॅटिन शब्द स्पेक्युला, म्हणजे टेहळणीचा बुरूज," ते सांगत. "जो वर चढून लांबवर बघतो, पुढचं ओळखतो, तो स्पेक्युलेट करतो. यात पाप कसलं?"

हे ऐकायला चांदूर बाजारचे खुशालराव पाटील नेमाने येत. मास्तरांच्या शब्दावर त्यांनी सगळ्या वावरात कपाशी पेरली. साऱ्या वऱ्हाडाने तेच केलं, म्हणून ज्वारी महागली. खुशालरावांकडे जुन्या ज्वारीचं एकच पेव उरलं होतं, अंगणात जमिनीखाली खोल, वर्षभराच्या भाकरीचं. मास्तर म्हणाले, भाव याहून चढणार नाही, आत्ताच विका. त्या सल्ल्याचा मला आजही राग येतो.

"पेव राहू द्या," पार्वताबाई नवऱ्याला म्हणाल्या. "लेकरं काय कापूस खातीन?"

"मास्तरले दूरचं दिसते," खुशालराव म्हणाले.

व्यापारी सकाळीच गाड्या घेऊन आला. मास्तरही आले, आपला शब्द खरा होताना बघायला. पेवाचं तोंड उघडलं. आमच्याकडे उघडलेलं पेव दिवसभर तसंच ठेवतात, मग आत दिवा सोडतात. तो विझला तर कोणी उतरत नाही. कोंडलेली हवा जीव घेते, हे शेंबडं पोरही सांगेल. पार्वताबाई निदान दिवा तरी आणावा म्हणून घरात गेल्या. व्यापारी म्हणाला, थांबायला सवड नाही, दुसऱ्याची ज्वारी घेतो. खुशालरावांनी मास्तरांकडे पाहिलं. शहरच्या माणसाला पेवाची रीत कुठली माहीत?

"उतरा, वेळ दवडू नका," मास्तर म्हणाले.

खुशालराव दोर धरून उतरले. एकदा खोकल्याचा आवाज आला. मग ताणलेला दोर सैल पडला.

मास्तर काठावर वाकून बघत राहिले. काळोखाशिवाय काही दिसेना. पेटता दिवा पदराआड धरून पार्वताबाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "मास्तर, हे कुठी गेले?"