निळ्या काचा

पेट्रोल महागलं त्या उन्हाळ्यात मी भिंगारला स्वतःची टॅक्सी चालवत होतो आणि डोक्यात दुसरं काही नसे. काचा उघड्या ठेवल्या की वारा आत भरतो, गाडी जड होते आणि जास्त पिते, असं स्टँडवरच्या एका जुन्या ड्रायव्हरनं सांगितलं. पण आपल्याकडच्या उन्हात काचा लावून बसायचं म्हणजे उकडून निघायचं. म्हणून गणपतीच्या मखराला लावतात तो निळा जिलेटिन कागद आणला आणि चारही दारांच्या काचांना खळीनं डकवला. बायको म्हणाली, "भायेरचं काय दिसंना ओ." मी म्हणालो, "मला समोरचं दिसतंय, तेवढं बास." असा शहाणा मी!

वैशाखातल्या एका दुपारी एसटीच्या कंडक्टरनं स्टँडवर निरोप आणला. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत कळ आली होती. गाडी घेऊन लगेच ये, असं आईनं कळवलं होतं. गाव सुप्याच्या पुढं, डांबरी सोडून कच्च्या वाटेनं आत. मी तसाच निघालो. जीव थाऱ्यावर नव्हता, मोकळ्या रस्त्यावरही हॉर्न वाजवत सुटलो. काचा मात्र बंद. एवढ्या घाईतही त्या खाली घ्यायचं सुचलं नाही, याचा अजून संताप येतो.

घरी आई दारातच उभी. "आरं, वाटंत दिसले न्हाईत? थोरला त्यास्नी बैलगाडीतनं डांबरीवर घिऊन गेलाय. लिंबाखाली थांबल्यात, तुजा येळ वाचावा म्हनून."

लिंबाखालची बैलगाडी मला लांबून दिसली होती. अशा गाड्या रस्त्याला कितीतरी असतात.

परत फिरलो. अण्णा बैलगाडीत आडवे, घामानं डबडबलेले. "किती बोंबललो रं!" भाऊ ओरडला. दोघांनी उचलून त्यांना मागच्या सीटवर निजवलं आणि नगरच्या दवाखान्याकडे निघालो. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "मी हात केल्ता. भाडं व्हतं व्हय गाडीत?"

आवाजात राग नव्हता. भाडं असलं तर पोरानं थांबायचं तरी कसं, असं त्यांनी मनाशी धरूनच टाकलं होतं.

"न्हाई अण्णा, दिसलंच न्हाई मला."

"आसू दे," ते म्हणाले. त्यांना ते खरं वाटलं नाही, हे मला कळलं. गाडी चालवता चालवता मी रडत होतो.

अण्णा वाचले. कागद मी खरवडून काढला. पुढं कितीदा तरी ते डांबरीवर एसटीची वाट बघत उभे असायचे. माझी गाडी येताना दिसली की रस्त्यापासून दोन पावलं मागं सरायचे.