कालच्या वांग्यात मीठ

कोर्टात पक्षकारांचे किस्से जमतात, शाळेत पोरांचे. छातीतला पेसमेकर बदलून आलेल्या माणसाकडे मात्र ते घरपोच येतात. भेटायला येणारा प्रत्येक जण टेबलावर संत्री ठेवतो आणि एक किस्सा करून जातो. मी अकोल्यात जन्मभर वकिली केली, त्यामुळे कोण काय बोललं ते अजून ध्यानात राहतं.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. पेसमेकरची बॅटरी संपत आली म्हणून अमरावतीला दाखल झालो. ऑपरेशन छोटंसंच. पण मला आत नेऊ लागले तेव्हा बायकोचा, सुमनचा, चेहरा एवढासा झाला. तिला हसवावं म्हणून मी स्ट्रेचरवरून म्हटलं, "कालच्या वांग्यात मीठ कमी होतं बरं का."

वॉर्डबॉय हसला, नर्स हसली. सुमन काही हसली नाही.

*

घरी आल्यावर पहिले आले नामदेवराव. तेल्हाऱ्याकडे त्यांची कपाशी, पण मुक्काम निम्मा अकोल्यात, आमच्या चहाच्या टपरीवर. माझ्या छातीवरच्या पट्टीकडे त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"वकीलसाहेब, जुनी बॅटरी किती वर्सं चालली?"

"दहा."

"आमच्या फवारणीच्या पंपाची दोन सीझनात बसते जी. कोन्या कंपनीची व्हय?"

*

टपरीवरच्या गुरुजींची बॅटरी माझ्या आधी बदलली होती. पौरोहित्य करणारा माणूस. जखम डाव्या खांद्याच्या खाली आणि जानवंही नेमकं तिथूनच जाणारं. टाक्यांवर दोरा घासायचा. काढायची तर सोय नाही. शेवटी त्यांनी ते उजव्या खांद्यावर घेतलं.

गुरुजींच्या बायकोनं ते पाहिलं आणि तिच्या हातातली कपबशीच खाली पडली. जानवं उजव्या खांद्यावर येतं ते श्राद्धाला. "अहो, कुणाचं श्राद्ध करताय?" म्हणून ती रडायलाच लागली. मग गुरुजींना आठवलं, की ऋषींचं तर्पण करताना जानवं माळेसारखं गळ्यात घेतात, आणि त्यांनी तसंच घेतलं.

आम्हाला सांगताना ते मोठ्या ऐटीत म्हणाले, "टाके निघेपर्यंत आम्ही ऋषी!"

*

मी मात्र ऋषी नव्हतो, पुरता भित्रा होतो. हात हलला की वायर सुटेल, टाका उसवेल, असं वाटायचं. डावा हात दिवसभर लेंग्याच्या खिशात. सदरा घालायचा तोही एका हातानं. तपासणीला गेलो तेव्हा तक्रार केली, की खांदा फार दुखतो, जखम चिघळली असणार.

डॉक्टरांनी पट्टी काढून पाहिलं. लाली नाही, सूज नाही, पू नाही. म्हणाले, "वायर जुनीच आहे, ती केव्हाच पक्की बसली आहे. आम्ही फक्त बॅटरी बदलली. जड उचलू नका म्हटलं होतं, हात खिशात ठेवा कुठं म्हटलं होतं? जखम उत्तम आहे वकीलसाहेब. खांदा तुम्ही जाम केलात."

उलटतपासणीत असा तोंडघशी मी कोर्टातही कधी पडलो नव्हतो.

*

माझी भीती अशी खिशात होती, सुमनची स्वयंपाकघरात. करंटच्या धास्तीनं तिनं मिक्सर बंद केला. शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात. मिक्सर चालतो, फक्त छातीशी धरायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण तिचा खल काही थांबेना.

त्याहून वाईट म्हणजे ती भांडेनाशी झाली. माझी बायको मुलखाची भांडखोर, आमचा संसारच त्यावर चाललेला. आता मी ओला टॉवेल पलंगावर टाकला तर ती गुपचूप उचलायची. काहीही म्हटलं की हळू आवाजात, "तुमी म्हनता तसं."

टपरीवरही तेच. एके दिवशी मी मुद्दाम म्हटलं, "अकोल्याचा उन्हाळा तसा थंडच."

गुरुजींनी मान डोलावली. नामदेवराव घाम पुसत म्हणाले, "थंडच राह्यते जी."

त्या दिवशी मला खरी भीती वाटली. आपण आता बरे होत नाही, असंच या सगळ्यांना वाटतंय की काय?

*

शेवटच्या तपासणीला सुमन सोबत आली. डॉक्टरांनी जखमेवरून बोट फिरवलं, मशीन लावून पेसमेकर तपासला आणि म्हणाले, "झालं, अगदी ठणठणीत. काही विचारायचंय?"

मी माझे प्रश्न काढायच्या आत सुमन पुढे सरकली.

"डॉक्टरसाहेब, आता यायच्यासंग भांडन केलं तं चालन का?"

डॉक्टर हसून म्हणाले, "बिनधास्त भांडा."

परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग बाटलीतलं पाणी प्यायली, पदर खोचला आणि माझ्याकडे वळली.

"काहून जी, तुमाले आत नेऊन राह्यले होते अन् तुमी मले काय म्हनलं? वांग्यात मीठ कमी होतं म्हनलं! काही झालं असतं, तं तेवढंच घेऊन बसली असती का मी जलमभर?"

मूर्तिजापूर गेलं, तरी ती थांबली नव्हती. मी डावा हात खिशातून काढला आणि तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली.