कळसची बाटली

त्या म्हाताऱ्याचा मला आजही राग येतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. आमचं आरोग्य पथक बारामतीच्या एका दवाखान्यात खोली घेऊन होतं. पाय सुजलेल्या मुलांच्या लघवीतली अमिनो आम्लं मोजणं हे माझं काम. लघवीचा थेंब जाड कागदावर टिपायचा, कागद उग्र वासाच्या द्रवात टांगायचा, मग औषध फवारून गरम केला की जांभळे ठिपके उमटत. ज्याचे ठिपके बिघडलेले, त्या मुलाला दुधाची पावडर मिळे. बाकीच्यांना नाही.

कळसच्या एका बागायतदाराचा दोन वर्षांचा नातू मी स्वतः पाहिला होता. पाय टम्म, केस तांबूस. आणि कागद मात्र ठणठणीत मुलाचा. पथकाच्या साहेबांनी पावडरीच्या यादीतून त्याचं नाव खोडलं. बाटली बदलली असणार, मी म्हटलं. "मग दुसरी आणा," ते मान वर न करता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कळसला गेले. म्हातारा ओसरीवरच होता.

"तात्या, मला लघवी कुणाची दिलीत?"

"थोरल्याची. त्यो बी माझाच नातू हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"धाकटा जाईल अशानं."

"कारखान्याचा सभासद हाय मी. माझ्या घरात पोरगं खायला न्हाय म्हणून सुजलं, असं सरकारी कागदावर येणार न्हाय. निघा तुमी."

मी निघाले नाही. तोंडाला येईल ते बोलले. त्यानंही ठेवणीतल्या शिव्या दिल्या, बाईमाणूस म्हणून काही हातचं राखलं नाही. एवढ्यात मुलाची आई आतून आली. तिनं माझ्या पिशवीतली रिकामी बाटली उचलली आणि सासऱ्यासमोर, उन्हात, धाकट्याला तिच्यावर धरून बसली. बराच वेळ लागला.

"मग जा तिच्याच मागं," म्हातारा सुनेला म्हणाला. ती पोराला कडेवर घेऊन खरंच निघाली.

एसटीत मी तिला म्हटलं, धीराची आहेस बाई. तिनं माझ्याकडे रागानंच पाहिलं.

"त्या दिशी थोरल्याला बाटलीवर मीच धरलं व्हतं, मामंजींनी सांगितलं म्हणून. मला इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं. तुमी पोराचं नाव बी त्यांनाच इचारलं."

खोटं नव्हतं ते. बारामती येईपर्यंत ती माझ्याकडे पाठ करून बसली.