भट्टीत एकटी रिंग

होसकोट्याच्या कारखान्यात माझं सगळ्यांशी वाजलं ते एका रिंगवरून. निकेलच्या मिश्रधातूची, वेल्डिंग केलेली, इंजिनात बसणारी रिंग. पहिली भट्टीतून निघाली ती वेल्डच्या कडेने तडकूनच. दुसरीही तडकली असती तर ते काम आमच्या हातून गेलं असतं, आणि हीट ट्रीटमेंट माझ्याकडे, म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर.

हा धातू तापताना मधल्या एका टप्प्यात कडक होत जातो. वेल्डिंगचा ताण अजून सैल झालेला नसतो, आणि हा आपला कडक होतोय. मग तडकणार नाही तर काय! तो टप्पा झपाट्याने ओलांडायचा, हाच उपाय. पण भट्टी गच्च भरली की सगळा माल रेंगाळत तापतो. पहिल्या वेळी तेच झालं होतं. म्हणून मी सांगितलं, या वेळी रिंग एकटीच जाईल.

प्लॅनिंगवाला उसळलाच. "मॅडम, एक रिंग के लिए पूरी भट्टी? स्वल्प अ‍ॅडजस्ट करो ना!"

"एक नट भी नहीं जाएगा," मी म्हटलं. माझंही डोकं फिरलं होतं.

बाकी सगळ्यांचा माल अडकला, आणि त्या दिवसापासून कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसेना. गेले उडत, असं मनात म्हणायचे खरी. पण घास तोंडात नुसता फिरत राहायचा.

रिंग निघाली, थंड झाली. तपासणीवाल्याने लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड फवारली. चीर असली की तिथे लाल रेघ उमटते. माझा जीव टांगणीला. आम्ही बराच वेळ थांबलो, पण रेघ नाही. सगळं पांढरंशुभ्र.

"अगं बाई, जमलं!" मी ओरडलेच.

"सरी, मॅडम," म्हणजे 'ठीक आहे', एवढंच म्हणत तो जेवायला निघून गेला.

कुणाला तरी सांगायचंच होतं. नागपूरला ताईला फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर, "काय गं हे? काहीच दिसत नाहीये."

"तेच तर! चीर नाहीये!"

"बरं बरं. जेवलीस का?"

रात्री जे. पी. नगरच्या माझ्या रिकाम्या फ्लॅटचं दार उघडलं आणि मला रडूच फुटलं. रिंग तडकली असती, तर निदान दहा माणसं माझ्याभोवती जमली असती.