सुनेकडे नांदायला गेलेली सासू

बारामतीच्या माझ्या लॅबमध्ये कुणी चपला घालून आत आलं की माझं डोकं फिरतं. कळस गावच्या शेवंताआक्का चपला बाहेर काढून आल्या, पण थेट माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, नांदतीया का मी?”

मी दचकलेच. उलगडा मग झाला. त्यांच्या सुनेच्या, मनीषाच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. नवऱ्याचा रक्तगट जुळेना, आईला मधुमेह. जुळलं ते नेमकं सासूचं! परवानगी देणाऱ्या समितीसमोर आक्कांनी ठणकावून सांगितलं, की ही सून माझ्या हाताखाली तयार झालीय, नवी आणून पुन्हा पहिल्यापासून शिकवायला माझ्यात दम नाही. पुण्याला ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांचा एकच घोष: “ती माझ्या घरी नांदाय आली, आता मी तिच्यात नांदाय गेलीया.”

काही महिन्यांनी मनीषाचे रक्ताचे रिपोर्ट बिघडले, म्हणून त्या किडनीचा इवलासा तुकडा तपासायला माझ्याकडे आला होता. त्याचा पातळ काप काचेवर घेऊन ती काच मी स्कॅनरला लावली. काचेवरचं सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठं होऊन दिसतं, तेच पुण्याचे मोठे डॉक्टर तिकडे बसून बघतात, आणि एक प्रोग्रॅम किडनीवर चालून आलेल्या पेशींना लाल ठिपके लावतो. नातेवाइकांना मी कधी आत घेत नाही. पण आक्कांना बाहेर काढायची माझी काय बिशाद!

ठिपके बरेच होते. ही कोण मंडळी, असं आक्कांनी विचारलं. मी म्हटलं, मनीषाच्या शरीराचे राखणदार; किडनी त्यांना परकी वाटतेय. पुण्याच्या डॉक्टरांचंही तेच मत पडलं. वेळेत कळलंय, औषधांनी बहुतेक आवरेल, नाहीतर किडनी हातची जाईल, हे मी न लपवता सांगितलं.

“तिचं बराबर हाय,” आक्का म्हणाल्या. “भाकरी जाड, च्या पांचट, दिसभर टोचून बोलती मी. कोण नांदू दील असलीला?”

शरीराला असलं काही कळत नसतं, हे मी परोपरीनं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! आक्कांनी घरी जाऊन तोंडाला कुलूप घातलं.

थोड्याच दिवसांत मनीषाचा रडवेला फोन आला. स्वतःच्या किडनीचं तिला काहीच पडलं नव्हतं. आत्या बोलतच नाहीत, म्हणाली. काल भाकरी करपली तरी गपगुमान खाल्ली. एका किडनीवर त्यांना झेपत नाही की काय? त्यांनाच आधी तपासा! फोन ठेवला आणि मी पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी आलं, ते काही सगळं हसण्याचं नव्हतं.

वाढवलेल्या औषधांचा कोर्स संपल्यावर दुसरा तुकडा आला. या खेपेला दोघी माझ्यामागे उभ्या. पडदा जवळजवळ स्वच्छ, फक्त एका कोपऱ्यात लाल ठिपक्यांचा घोळका. आक्कांचा चेहरा पडला. मी चित्र मोठं करून पाहिलं, तर तिथे काचेवरच्या कापाला नुसती घडी पडलेली. घडीतल्या दाट रंगाला पेशी समजून कॉम्प्युटर फसला होता! पुण्याहूनही निर्वाळा आला, किडनी सावरलीय.

“चुगलखोर मेला,” आक्का पडद्याकडे बघत म्हणाल्या. “ह्याची एक चुगली खरी, एक खोटी. तुमी आपल्या डोळ्यांनी बगत जावा.” नव्या डॉक्टरांना मी आजही हेच ऐकवते.

मग त्या सुनेकडे वळल्या. “आता सांगती. परवा आमटीत मीठ न्हवतं. भाकरी करपली हुती. आन म्हशीला वैरण का अशी टाकत्यात?” इतक्या दिवसांचं तुंबलेलं धरण फुटलं आणि मनीषा खाली मान घालून, खुदूखुदू हसत सगळं ऐकत राहिली.

गेल्या वर्षी आक्का शेंगा फोडता फोडता बसल्या जागी गेल्या. हृदय बंद पडलं. नंतर मनीषाच्या किडनीचा तुकडा काढून करायची ठरलेली तपासणी आली. ती एकटीच आली, चपला बाहेर काढून माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. पडद्यावर एकही ठिपका नव्हता.

“नांदत्यात का?” तिनं हळूच विचारलं.

“मजेत नांदतायत,” मी म्हटलं.

मनीषानं डोळे पुसले आणि पोटावर हात ठेवला. “मग बोला की आत्या. आज मुद्दाम भाकरी करपवलीया.”