मिठागरातले पाय

कोपरच्या पंढरीला बावन्नाव्या वर्षी पळायचं वेड लागलं, ते साखरेमुळे. वडिलोपार्जित शेतावर टॉवर उभे राहिल्यापासून त्याला काम असं उरलंच नव्हतं. बसून बसून पोट सुटलं, डायबेटिस झाला, डॉक्टरांनी दम भरला. तेव्हा स्वारी भागशाळा मैदानावर सकाळी पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये दाखल झाली.

ग्रुपचा म्होरक्या सौमित्र, आयटीतला, पंढरीच्याच शेतावरच्या टॉवरमध्ये राहणारा. त्याने एक दिवस नव्या तऱ्हेचे बूट आणले. तळ भाकरीएवढा पातळ, टाचेला उंची नाही, बोटं पसरायला ऐसपैस जागा. अनवाणी पळल्यासारखं पळायचं, म्हणजे पाय मजबूत होतात, असं त्याचं म्हणणं. मात्र सवय हळूहळू करायची. आधी घरात घालायचे, मग दहा मिनिटं चालायचं, पुरतं पळायला सहा महिने घ्यायचे. सगळ्यांनी मागवले, पंढरीनेही मागवले.

पण सहा महिने थांबायचं ते सोसायटीतल्या लोकांनी. पंढरीची आई आवडाबाई तीस वर्षं खाडीकाठच्या मिठागरात अनवाणी राबली होती. पाय दुखतात असं तिच्या तोंडून त्याने एकदाही ऐकलं नव्हतं.

"आमचे पाय मिठागरातले आहेत," तो म्हणाला, आणि पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळाला.

पुढचे पंधरा दिवस बाकीच्यांच्या पोटऱ्या धरलेल्या होत्या. सौमित्र तर जिना कठडा धरून उतरायचा. पंढरीला मात्र काहीही दुखलं नाही. आजवर गाडीवाला, जमीनवाला म्हणून लोक त्याला नमस्कार करत, आणि तो नमस्कार कुणाला असतो हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. आता शिकलेसवरलेले इंजिनियर त्याचे तळवे बघायला वाकत होते. बिचारा हुरळून गेला. साखरेचा पाय आहे, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, असं बायको जया दोनदा म्हणाली. दुखत नाही तर दाखवायचं काय, म्हणून त्याने तिला उडवून लावलं.

पाचव्या आठवड्यात मोजे धुताना जयाला रक्त दिसलं. तिने जबरदस्तीने पाय उलटा करून पाहिला. डाव्या तळव्याला बोट जाईल एवढी जखम, आत काचेचा तुकडा, कधी घुसला देव जाणे. एक्स-रेत पंजाची दोन हाडंही मोडलेली निघाली. त्याच पायाने हा गृहस्थ आदल्या दिवशी आठ किलोमीटर पळून आला होता.

कल्याणच्या डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं. तळव्याला टोचून ते विचारत गेले, लागतंय का? पंढरी अंदाजाने हो, हो म्हणत राहिला.

"आता मी टोचत नाहीये," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

साखरेने पायांची जाणीव केव्हाच खाऊन टाकली होती. पळण्याआधीच, बुटांआधीच. ज्याला तो अंगचं बळ समजत होता ते दुखणंच होतं, आणि त्याच्या जोरावर त्याने चारचौघांत मिरवलं होतं. तोवर जखम हाडापर्यंत सडली होती. दोन ऑपरेशनं झाली. दुसऱ्यात डावा पंजा गेला.

घरी आणल्यावर सौमित्र भेटायला आला. मान खाली घालून बसला आणि चहा न घेताच उठला. तो गेल्यावर आवडाबाई पलंगाशी येऊन बसली, तसा इतके दिवस आवरून धरलेला पंढरीचा बांध फुटला. एवढी वर्षं मिठात उभी राहिलीस, तुझ्या पायांना काही झालं नाही, मग माझ्याच पायांनी दगा का दिला, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

म्हातारी त्याच्या गुडघ्यावरून हात फिरवत होती.

"माझं पाय रोज दुखाचं, बाला," ती म्हणाली. "भेगांत मीठ भराचं, रातभर आग व्हायची. पन तू निजलेला असाचास. तुला कशाला उठवाचं?"